परातीतला डोंगर

ते तिथे गेले होते की नाही, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. एखाद्या माणसाविषयी लिहायला बसावे आणि त्याच्याविषयीची सर्वांत साधी गोष्टच आपल्याला ठाऊक नसावी, ही काही चांगली सुरुवात नव्हे, याची मला कल्पना आहे. निवृत्तीनंतर प्रथमच लेखणी हाती धरणाऱ्याने एखादा सोपा माणूस निवडावा, असे माझ्या पत्नीचेही मत पडले. परंतु सोप्या माणसांविषयी लिहिण्यासारखे मला काही सुचत नाही, आणि हे गृहस्थ मात्र अधूनमधून, विशेषतः जिना उतरताना, हमखास आठवतात.

आमची कचेरी गुलमंडीवर एका कापडदुकानाच्या माडीवर होती. वेरूळ, अजिंठा आणि पैठण अशा बसगाड्या सोडणे हा आमचा मुख्य उद्योग. त्याखेरीज मुंबईच्या एका मोठ्या कंपनीच्या लांब पल्ल्याच्या सहलींची नोंदणीही आम्ही करत असू. त्या सहलींमध्ये उत्तरेकडच्या एका हिमस्थळाची सहल होती. त्या ठिकाणाचे नाव मी लिहीत नाही, कारण तेथील एका नाल्याविषयी मला पुढे बोलावे लागणार आहे. मी एम. ए. होऊन दोन वर्षे घरी बसलो होतो. पत्रव्यवहार पाहायला म्हणून मला तेथे घेतले गेले, आणि नोंदणीच्या काउंटरवर बसणाऱ्या या गृहस्थांच्या शेजारचे टेबल मला मिळाले.

सगळे त्यांना मामा म्हणत. ते मला पहिल्या दिवसापासून मास्तर म्हणू लागले. मी कधीही कोणाला काही शिकवलेले नाही, हे मी एकदा भीतभीत त्यांच्या कानावर घातले. त्यावर ते म्हणाले, “शिकलात तर खरं की. शिकवायचं ऱ्हाऊन गेलंय, येवढंच.” मी मास्तरच राहिलो.

ते पाचोडकडचे, मेंढपाळाच्या घरातले. वय विचारले की पोलीस ॲक्शनच्या साली आपण कोकरे खांद्यावर घेण्याइतके मोठे होतो, एवढेच सांगत. त्या धामधुमीत त्यांच्या वडिलांनी कळप घेऊन गोदावरी ओलांडली, आणि पुढे शांत झाल्यावर या मुलाला शाळेत घातले. मॅट्रिकपर्यंत शिकून ते शहरात आले. उंच, काळेसावळे, उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित खाली. टेरिकॉटची पँट, पांढरा सदरा, आणि खुर्चीवर घडी घालून अंथरलेली काळी घोंगडी. त्या घोंगडीखेरीज ते कुठेही बसत नसत; सरकारी कार्यालयात गेले तरी ती काखेत असे. तिच्या एका काठाला पिवळ्या आणि हिरव्या दोऱ्याची गुंफण होती. मी ती शोभा समजत होतो. वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या रानातल्या तळावर, दहा घरच्या घोंगड्या एकत्र पडतात, त्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून त्यांच्या भावकीत प्रत्येक घराच्या दोऱ्याचे रंग ठरलेले असतात, असे त्यांनी मला एकदा समजावून सांगितले. काठ पाहिला की घर कळते. हे मी तेव्हा लक्षपूर्वक ऐकले होते. ऐकले होते, म्हणूनच पुढे जे घडले त्याची मला अधिक लाज वाटते.

वेरूळ-अजिंठ्याची तिकिटे ते मान वर न करता फाडत. कैलास लेणे केव्हाचे, असे कोणी विचारले तर भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवत. पण कोणी त्या हिमस्थळाचे नाव घेतले की ते उभे राहत, काउंटरची फळी वर करून गिऱ्हाइकाला आत घेत आणि टेबलाखालून पितळी परात काढत. परातीत ज्वारीचे पीठ असे. मूठ दाबून ते त्या पिठाचा डोंगर करत. करंगळीने दऱ्या ओढत. आगपेटीच्या काड्या खोचून देवदारांचे रान उभे करत. मग दोन काड्या जोडून माथ्यावर ठेवायच्या आणि परात अगदी हलकेच कलती करायची. काड्या पिठावरून घसरत खाली येत. एवढे झाले की ते गिऱ्हाइकाकडे पाहत. त्या पाहण्यात, आपण आताच तिथून उतरून आलो आहोत, असा काहीतरी भाव असे.

त्यांचे म्हणणे असे की त्या स्थळाला तीन उतार आहेत. पहिला रोपवेच्या पायथ्याचा, शिकाऊंचा. कोवळे कोकरूसुद्धा उतरेल असा. दुसरा मधल्या टप्प्यावरचा. त्यावर दुपारनंतर जाऊ नये, कारण ऊन डावीकडून आधी निघून जाते आणि बर्फ घट्ट होतो. तिसरा माथ्यावरून थेट जंगलात उतरणारा. तो आपल्या कामाचा नाही. हॉटेलात खोलीखोलीत बुखारी असते, म्हणजे लाकडे घालायची लोखंडी शेगडी. गरम पाणी सकाळी सात ते नऊ, बादलीने. बूट आणि स्की भाड्याने मिळतात. बूट घेताना दोन मोजे घालूनच माप द्यावे. सपाटीवर घोडे मिळतात, पण घोडेवाला म्हणेल ते ऐकावे, घोडा म्हणेल ते ऐकू नये.

इतिहासही त्यांना पाठ होता, पण तो माहितीपत्रकातला नव्हता. माहितीपत्रकात लिहिले होते की उन्हाळ्याला कंटाळलेल्या गोऱ्या साहेबांनी हे ठिकाण शोधून काढले, तेथे बंगले आणि क्लब बांधला, पुढे एका हिवाळ्यात कोणी हौशी साहेब मागे राहिला आणि पायांना फळ्या बांधून घसरला, आणि स्वातंत्र्यानंतर सरकारने तेथे शिकवणी वर्ग व रोपवे आणला. मामा हे सर्व वाचून दाखवत आणि शेवटी बोट ठेवून विचारत, “शोधून काढलं म्हंजी? तिथं मेंढरं आधीच चरत व्हती. ती कुठं गेली? नकाशात कामून नाय?” भिंतीवरच्या रंगीत नकाशावर त्यांनी शिसपेन्सिलीने एक बारीक वाकडी रेघ ओढली होती. ती मेंढरांची वाट. छापील नकाशात ती नव्हती. ती त्यांनी कशाच्या आधारे ओढली, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

नोंदणी करण्यापूर्वी गिऱ्हाइकाला आमचा जिना उतरावा लागे. ही त्यांची परीक्षा होती. लाकडी, अरुंद, सोळा पायऱ्यांचा तो जिना. मामा वर उभे राहत आणि माणूस कसा उतरतो ते पाहत. जो गुडघे मोडून, जरा तिरपा उतरेल त्याला स्कीच्या वर्गासाठी नाव घालायला सांगत. जो ताठ, टाचा आपटत उतरेल त्याला म्हणत, “तुम्ही हाटेलातच बसा. बुखारी लई चांगली हाय.” मधेच कोणाला थांबवायचे असेल तर ते जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढत. मेंढरांचा पुढारी बोकड ज्याने जागच्या जागी थबकतो, तो आवाज. कागदावर तो उतरवता येत नाही. बँकेतले अधिकारी, प्राध्यापक, एकदा तर एक वकिलीणबाई पाय तसाच हवेत धरून त्या आवाजाने थांबलेली मी पाहिली आहे. आश्चर्य म्हणजे याचा राग फारसा कोणाला येत नसे.

ते तिथे गेले आहेत का, याविषयी कचेरीत दोन मते होती. आमच्या जुन्या शिपायाचे म्हणणे, एका वैशाखात भाच्याच्या लग्नाचे कारण सांगून मामा पंधरा-वीस दिवस गायब होते आणि परतले तेव्हा त्यांच्या नाकाची कातडी सोललेली होती. हिशेबनिसांचे म्हणणे, वैशाखात औरंगाबादेत कोणाच्या नाकाची कातडी शाबूत असते. मला दोन्ही म्हणणी पटत. मामांच्या तोंडून “मी गेलो होतो” असे कधी ऐकले नाही. “गेलो नव्हतो” असेही नाही. ते फक्त “तिथं” म्हणत.

पेच निर्माण झाला तो नाल्यामुळे.

शिकाऊंचा उतार नकाशात खाली एका मोकळ्या पांढऱ्या मैदानात संपत होता. मामा परातीत मात्र त्या उताराच्या पायथ्याशी बोटाने एक खोल चर ओढत आणि बजावत, की इथे नाला आहे, चहाच्या टपरीच्या खाली मुलांना घसरू देऊ नका. हे ऐकून एका डॉक्टरांच्या कुटुंबाने आपली नावे काढून घेतली. त्याच वर्षी आमच्या मालकांनी, ज्यांना आम्ही शेठ म्हणत असू, मुंबईच्या कंपनीवर अवलंबून न राहता त्या हिमस्थळाची स्वतःची पहिली सहल काढण्याचे ठरवले होते. ते तडक काउंटरपाशी आले.

“मामा, नाला कुठंय? दाखवा ना नकाशात.”

“नकाशात नाय, शेठ. जमिनीत हाय.”

“तुम्ही पाहिला?”

मामांनी चर बोटाने पुन्हा एकदा ओढला. मग परातीकडे पाहत म्हणाले, “वरून येवढं पानी येतंय. ते जाईल कुठं?”

शेठ वाईट माणूस नव्हते. पण गिऱ्हाईक घाबरवणारा माणूस काउंटरवर ठेवणे कोणत्याही मालकाला परवडले नसते. त्यांनी सरळ विचारले की तुम्ही तिथे गेला आहात का; गेला असाल तर सांगा, विषय संपला. मामा परातीतल्या काड्या सरळ करत राहिले.  मग शेठनी निकाल दिला. सहलीबरोबर मी जायचे. नाला असेल तर काउंटर मामांचे. नसेल तर परात घरी न्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून पैठणच्या बसवर वाहक म्हणून उभे राहायचे.

“मास्तर, तू बघून ये,” शेठ मला म्हणाले. “तुला खोटं बोलता येत नाही, म्हणून तुलाच पाठवतोय.”

पैठणची बस म्हणजे काही शिक्षा नव्हती. चितेगावपर्यंत कामगारांची गर्दी, पुढे मोकळा रस्ता. दुपारी नदीकाठी जेवण. दुसऱ्या कोणालाही ती बदली आवडली असती. मामांना मात्र ती शिक्षाच वाटली असावी. संध्याकाळी त्यांनी परातीतले पीठ चाळले, पुन्हा परातीत भरले आणि ती टेबलाखाली सरकवली. इतकी वर्षे त्यांच्या आयुष्यात तो एकच डोंगर होता आणि तो त्या काउंटरखाली होता, हे मला तेव्हा समजले.

निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला परातीपाशी बसवून घेतले. माझ्याकडून त्यांना काही वचन हवे असेल असे मला वाटले होते, आणि ते कसे टाळावे याचीच मी चिंता करत होतो. त्यांनी काहीच मागितले नाही. फक्त एका ओळीत खोचलेल्या काड्या बोटाने जराशा वाकवल्या.

“देवदाराची रांग जिथं वाकती, तिथं खाली पानी. झाडं पान्याकडं बगत्यात. बाकी सगळं इसरलात तरी चालंल.”

अठरा प्रवासी होते. मनमाडला गाडी बदलली, पुढे आणखी दोनदा बदलली, आणि शेवटी एका बसने आम्हाला वर नेऊन सोडले. मी आयुष्यात प्रथमच बर्फ पाहत होतो. पण पाहत होतो असे म्हणणेही धाडसाचे होईल, कारण पहिल्या दिवशी धुके होते, आणि पांढऱ्या धुक्यात पांढरा बर्फ कुठे सुरू होतो तेच मला उमगत नव्हते. मी खिशात एक यादी केली होती. मामा म्हणाले होते ते एका बाजूला, प्रत्यक्षात काय ते दुसऱ्या बाजूला. यादीने माझा गोंधळ वाढवला. बुखारी होती. गरम पाणी सात ते नऊ, बादलीने, तंतोतंत. पण हॉटेलचा सज्जा, जो त्यांनी पूर्वेला सांगितला होता, तो नव्हताच. हॉटेल मध्यंतरी जळाले होते आणि नवे बांधले होते. रोपवेला खुर्च्या असतील असे ते म्हणाले होते. प्रत्यक्षात आकड्याला धरून वर ओढत नेणारा दोर होता. दोन मोज्यांची गोष्ट बरोबर निघाली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडले. आमचा वर्ग शिकाऊंच्या उतारावर भरला. मी उतरणीच्या कडेला उभा राहून चहाची टपरी शोधू लागलो, कारण मामांनी तीच हद्द सांगितली होती. टपरी खाली नव्हती. ती वर होती, रोपवेच्या खांबाला लागून. तिच्या खाली तर सगळाच उतार होता. म्हणजे मुलांना घसरू द्यायचे ते कुठे? खाली पाहावे तर नकाशात होते तसेच पांढरे स्वच्छ मैदान. प्रशिक्षकाला मी विचारले. तो तरुण होता आणि त्या हंगामात नव्यानेच आला होता. नाला वगैरे काही नाही, असे त्याने हसून सांगितले. मला सुटल्यासारखे वाटले आणि लगेच वाईटही वाटले, कारण याचा अर्थ पैठणची बस.

आमच्यात एक निवृत्त तहसीलदार होते. आमचा जिना ते ताठ, टाचा आपटत उतरले होते, आणि मामांनी त्यांना बुखारीपाशी बसण्याचा सल्ला दिला होता. साहजिकच त्यांनी सर्वांआधी स्की बांधल्या. प्रशिक्षक दुसऱ्यांचे पट्टे आवळत असताना ते स्वतःहून निघाले. सुरुवातीला हळू, मग वेगाने, कंबर ताठ, दोन्ही काठ्या एखाद्या अर्जावर सही करायच्या बेतात असल्यासारख्या पुढे धरलेल्या. सगळे हसत होते. मीही हसत असेन. मग माझी नजर त्यांच्या पलीकडे गेली. मैदानाच्या डाव्या कडेला देवदारांची रांग सरळ खाली येत होती आणि एका ठिकाणी जराशी, अगदी जराशी, आत वाकत होती.

मी मोठ्याने बोलणारा माणूस नाही. शाळेत हजेरीला “हजर” म्हणतानाही माझा आवाज वर्गशिक्षकांपर्यंत पोहोचत नसे. तहसीलदारांना काय हाक मारावी, साहेब म्हणावे की अण्णा, याचाच मी विचार करत होतो, आणि तेवढ्यात माझ्या तोंडून तो आवाज निघाला. जीभ टाळ्याला लागली होती. जिन्यावरचाच तो आवाज, पण मामांच्यापेक्षा कितीतरी मोठा. तो मी काढला याची मला अजूनही खात्री वाटत नाही. मात्र तहसीलदार जागच्या जागी बसले. खरे म्हणजे कोसळले, एक स्की इकडे आणि एक तिकडे.

प्रशिक्षक त्यांच्यापर्यंत गेला. मग पाच-सात पावले पुढे जाऊन त्याने आपली काठी बर्फात खोचली. काठी मुठीपर्यंत आत गेली आणि कशालाही लागली नाही. त्याने काठी बाहेर काढली. त्या भोकातून, बर्फाच्या खालून, पाण्याचा आवाज येत होता.

दुपारी तेथे लाल फडकी रोवली गेली. मी चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. टपरीवाला म्हातारा होता. मी त्याला माझ्या मोडक्या हिंदीत विचारले की तुमची टपरी नेहमी इथेच असते का. तो म्हणाला, हिवाळ्यात इथे, उन्हाळ्यात खाली नाल्याच्या काठाला. खालची जागा बर्फात बुडते, म्हणून मार्गशीर्षाच्या सुमारास सामान वर आणतो. अर्थात त्याने महिन्याचे नाव निराळे सांगितले. माझ्या यादीतली एक ओळ तेवढ्याने उलगडली असावी, पण तिचा अर्थ लावायला मला आणखी थोडा वेळ लागला. मी विचारले, फार वर्षांपूर्वी दक्षिणेकडून, औरंगाबादेहून, कोणी उंच माणूस आला होता का. त्याने सांगितले की इतके लोक येतात, किती लक्षात ठेवणार. मग विचार करून म्हणाला, एक जण आला होता खरा, भर उन्हाळ्यात. सामान काही नाही. आठ-दहा दिवस मेंढपाळांबरोबर उतारावर बसून असायचा. पहिल्या दिवशी त्याने विचारले होते की बर्फ कुठे आहे. सहा महिन्यांनी ये, असे त्याला सांगितल्यावर सगळे मेंढपाळ हसले आणि तोही हसला. तो उंच होता का? असेल. जाताना त्याने ही देऊन टाकली, असे म्हणून म्हाताऱ्याने मी बसलो होतो त्या बाकाकडे हात केला. बाकावर एक जाडीभरडी काळी घोंगडी अंथरलेली होती.

मी तिच्यावरून हात फिरवला. मला गहिवरून आले, हे कबूल करतो. मी दुसरा चहा मागवला आणि तो घोंगडीवर बसूनच प्यायलो. तेवढ्यात तहसीलदारांचा निरोप आला की त्यांना गुडघ्याला लावायला मलम हवे आहे, आणि मी उठून गेलो. दुसऱ्या दिवशी पहाटेच आमची बस निघाली.

परतल्यावर मी शेठना सांगितले, “नाला आहे.” त्यांनी विषय तेथेच संपवला. काउंटर मामांचे राहिले. मामा तिथे गेले होते का, असेही त्यांनी जाता जाता विचारले. मी म्हणालो की ते मी मामांना विचारलेले नाही, आणि हे अक्षरशः खरे होते.

दुपारी मामा नेहमीप्रमाणे खिडकीच्या चौकटीत घोंगडीवर बसून भाकरी खात होते. त्यांनी मला शेजारी बसायला जागा दिली. मी सर्व हकिगत सांगितली. काठी, फडकी, तहसीलदार. तहसीलदार कसे बसले, ते त्यांनी दोनदा सांगायला लावले. मग मी टपरीची जागा सांगितली, उन्हाळ्यात आलेल्या माणसाची गोष्ट सांगितली आणि शेवटी घोंगडीचे सांगितले. त्यांचा घास हातातच राहिला.

“काठ कोनत्या रंगाचा व्हता?”

मी खाली पाहिले. त्यांच्या मांडीखाली पिवळा-हिरवा काठ दिसत होता. हाच काठ मी रोज पाहत होतो. काठ पाहिला की घर कळते, हे मला सांगितलेले होते, समजलेले होते, लक्षात होते. आणि मी त्या घोंगडीवर दोन चहा पिऊन उठून आलो होतो.

“पाहिला नाही,” मी म्हणालो.

“जरा उठून बगायचं व्हतं, मास्तर.” ते रागावले नव्हते. उलट त्यांचा चेहरा जरा सैलावल्यासारखा मला वाटला. पण मी चेहरे वाचण्यात चुकतो. तसल्या घोंगड्या तिकडच्या मेंढपाळांकडेही असतात, असे ते म्हणाले. मेंढरू काळे असले की घोंगडी काळीच होणार. मग त्यांनी भाकरी संपवली, हात झटकले आणि खाली गुलमंडीच्या गर्दीकडे तोंड केले.

“येक विचारू का?”

“विचारा की.”

“पाय दिल्यावर त्याचा आवाज येतो का?”

“कशाचा?”

“बर्फाचा. पिठाचा तर येत नाय.”

अनेक वर्षे लोकांना तो डोंगर समजावून देणारा माणूस मला हे विचारत होता, आणि विचारताना माझ्याकडे पाहत नव्हता. मी डोळे मिटून आठवण्याचा प्रयत्न केला. योग्य उपमा मला सहसा वेळेवर सापडत नाही. त्या दिवशी सापडली. मी म्हणालो, ज्वारीने भरलेल्या पोत्यावर उभे राहिले की आत दाणे दाबले जातात, तसा आवाज येतो.

मामांनी मान डोलावली. “म्हंजी दाना हाय तो,” ते हळूच म्हणाले. “पीठ नव्हं. येवढी वर्सं मी लोकांना चुकीचं सांगत आलो.”

दुसऱ्या दिवशी परातीत पीठ नव्हते, ज्वारी होती. दाण्यांचा डोंगर काही केल्या उभा राहिना. मूठ काढली की घसरून सपाट होई, आणि त्याबरोबर काड्यांचे रानही आडवे होई. मामांना त्याचा त्रास वाटला नाही. ते पुनःपुन्हा रास करत आणि कान जवळ नेऊन तिचे घसरणे ऐकत. दुपारी एक नवे लग्न झालेले जोडपे आले. त्यांना मामांनी तीन उतार दाखवले, नाला दाखवला, बुखारी, बादली, दोन मोजे, सर्व सांगितले आणि मग नवऱ्या मुलाचा हात धरून दाण्यांवर दाबला. असा आवाज येतो पायाखाली, म्हणाले. मुलीने हसून विचारले की तुम्ही स्वतः गेला होतात का.

मी लिहिणे थांबवले. हा प्रश्न या कचेरीत शंभर वेळा विचारला गेला होता आणि त्याला उत्तर असे कधी मिळाले नव्हते.

“उन्हाळ्यात गेलतो,” मामा अगदी सहज म्हणाले. “तवा नुसतं हिरवं व्हतं. आमच्यात डोंगरावर गवताच्या दिसांतच जातेत, म्हून मीबी तसाच गेलो. बर्फ ह्या मास्तरांनी पाहिलाय.” आणि त्यांनी तिकीट फाडले.

त्या क्षणी मला फार बरे वाटले होते. संध्याकाळी घरी जाताना मात्र मनात आले, की उन्हाळ्यात आलेल्या त्या माणसाची गोष्ट आदल्याच दिवशी मी त्यांना सांगितली होती. जे इतकी वर्षे ते बोलले नव्हते ते त्यांना आता बोलता आले, की माझ्याकडून मिळालेली गोष्ट त्यांना आवडली आणि त्यांनी ती अंगावर घेतली? नाला त्यांनी पाहिला होता, की वरून येणारे पाणी कुठे जाईल याचा मेंढपाळाने बांधलेला तो अंदाज होता? टपरीची उन्हाळ्यातली जागा त्यांना ठाऊक होती, पण तीही एखाद्या परतलेल्या गिऱ्हाइकाने सांगितली असेल. मी कधीही विचारले नाही. पुढे ते निवृत्त होऊन पाचोडला गेले. परात घेऊन गेले. भिंतीवरचा नकाशा, ती शिसपेन्सिलीची रेघ त्यावर असूनही, माझ्यासाठी ठेवून गेले.

तिकडची सहल नंतर बरीच वर्षे निघत राहिली. प्रत्येक वर्षी जाणाऱ्या माणसाला मी टपरीवरच्या घोंगडीचा काठ पाहून यायला सांगत असे. कोणी विसरले, कोणी म्हणाले की घोंगडी दिसली नाही, एक जण म्हणाला की काठ होता पण मळून काळा झाला होता. शेवटी म्हातारा गेला आणि टपरीही गेली, असे कळले. मी एकदाच त्या काठापासून हातभरही दूर नव्हतो, आणि तेव्हा तो बहुधा माझ्याच मांडीखाली दबलेला होता.